तायड्यांचा हात लागलेल्या ओळी

बंद पडलेल्या मिलच्या टाइम ऑफिसात बसून कामगारांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला मिळालेली पहिली सूचना होती, की कोणावर विश्वास ठेवायचा नाही. सूचना देणारे अधिकारी सक्सेनाजी स्वतःच्या टेबलाचा खणसुद्धा कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघत. मला ते फार सांगावं लागलं नाही. माझ्या स्वभावात ते होतंच.

मिलचं नाव लिहीत नाही. त्या काळात इंदूरच्या मिला एकेक करून बंद पडल्या आणि सगळीकडचं चित्र थोड्याफार फरकानं तेच होतं. भोंगा बंद, फाटकाला साखळी, आणि फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर सकाळपासून बसलेली माणसं. मी मिलमध्ये पगारपत्रकाच्या कॉम्प्युटरवर होतो. मिल बंद झाल्यावर बाकीचे घरी गेले आणि मला ठेकेदारीवर ठेवून घेतलं, कारण हजारो कामगारांपैकी कोणी किती वर्षं काम केलं याची एक यादी करायची होती. कामगारांचा जो काही हक्क ठरायचा होता तो त्या यादीवरून. यादीत नसलेला माणूस मिलमध्ये कधी नव्हताच, असं धरलं जाणार होतं.

वाचकांना वाटेल, यात अवघड काय? मिलच्या प्रत्येक कामगाराला पितळेचा बिल्ला होता आणि त्यावर नंबर होता. नंबराप्रमाणे नावं लिहायची की झालं. पण मिल अशी चालत नसे. कायमचा कामगार गावी गेला, आजारी पडला, की त्याच्या जागी बदली कामगार उभा राही. नियमाप्रमाणे बदलीचं कार्ड वेगळं असायला हवं. प्रत्यक्षात पुष्कळदा जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, त्याला गैरहजर माणसाच्याच बिल्ल्यावर उभा करी. बाप थकला की बिल्ला मुलाकडे जाई. एका नंबरावर तीस वर्षांत तीन माणसं काम करून गेलेली. एकदा एकाच सकाळी दोन म्हातारे एकच नंबर सांगत खिडकीशी आले. एकाकडे बिल्ला होता, दुसऱ्याकडे खात्यातल्या लोकांबरोबर काढलेला फोटो. दोघांनी एकमेकांना चोर म्हटलं, मग बाहेर जाऊन एकाच बाकड्यावर चहा प्यायले. चौकशीअंती दोघेही खरे निघाले.

म्हणून बिल्ल्याचा नंबर हा ओळख म्हणून धरायचा नाही, असं मी ठरवलं. नावही धरायचं नाही, कारण एका खात्यात सहा बाबूलाल. माणसानं दिलेली कुठलीच ओळख मला पटत नव्हती. मला हवा होता असा आकडा, जो कोणाच्या हाताला लागणारच नाही.

तो मला सापडला. आमच्याकडे सॉफ्टवेअरसाठी वेगळे पैसे कोणी देणार नव्हतं, म्हणून एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचा, फुकट मिळणारा डेटाबेस मी बसवला होता. डेटाबेस म्हणजे आखलेल्या तक्त्यांचं कपाट समजा. प्रत्येक तक्त्याला टेबल म्हणतात, त्यात एकेक नोंद म्हणजे एकेक ओळ. या डेटाबेसची एक खुबी होती. टेबलात नवी ओळ शिरली की यंत्र तिला स्वतःचा एक आकडा चिकटवी. त्याला ऑब्जेक्ट आयडेंटिफायर, थोडक्यात ओआयडी म्हणत. हा आकडा साध्या पाहणीत दिसत नसे, नाव घेऊन विचारला तरच दिसे. तो कोणाला निवडता येत नसे, बदलता येत नसे. आणि हा आकडा दुसऱ्या टेबलात ठेवायचा असेल तर त्यासाठी ओआयडी नावाचाच खास डेटाप्रकार होता.

मी दोन टेबलं केली. एकात माणसं: नाव, बापाचं नाव, वय, पत्ता. दुसऱ्यात नोकरी: कोणतं खातं, कोणत्या साली किती हजेरी. दुसऱ्या टेबलात ओआयडी प्रकाराचा एक रकाना ठेवला आणि त्यात माणसाच्या ओळीचा तो लपलेला आकडा साठवला. माणूस आणि त्याची नोकरी यांना बांधणारा धागा तेवढाच. पुस्तिकेत या आकड्यावर फार विसंबू नका अशा अर्थाची सूचना होती. ती नवशिक्यांसाठी असेल असं मी समजलो. मला त्या रचनेचा अभिमान होता, हे कबूल करतो. सक्सेनाजींना मी म्हणालो होतो, की आता जॉबर, दलाल, क्लार्क, कोणीही येऊ दे, या आकड्याला हात लावू शकणार नाही.

नोंदी करायला माझ्या हाताखाली दोघं होते. एक दुबेजी, मूळचे स्टोअरमधले. हसतमुख माणूस, अर्धा दिवस टाइप करायचे, अर्धा दिवस टपरीवर. दुसरे मधुकर तायडे, मिलचे जुने रेकॉर्ड क्लार्क. महूचे. वडील फौजेत होते, त्यामुळे असेल, पण बूट रोज चकचकीत आणि डबा ठरल्या मिनिटाला उघडायचा. महूहून सकाळच्या गाडीनं येत आणि माझ्याआधी हजर असत.

तायड्यांना कॉम्प्युटर नवा होता, रजिस्टर जुनं. आणि रजिस्टरचा त्यांचा धर्म पक्का होता. चूक खोडायची नाही, त्यावर गिरवायचं नाही. अख्खी ओळ आडवी छेदायची, खाली नवी ओळ लिहायची आणि बाजूला सही करायची. ते मला म्हणाले, "साहेब, गिरवलेला अक्षर म्हणजे संशय. नवी ओळ लिहिली की कोणी बोट नाही दाखवू शकत."

त्यांची आणखी एक रीत होती. दुबेजी भराभर टाइप करून मोकळे होत. तायडे मात्र खिडकीशी आलेल्या प्रत्येक कामगाराला त्याची नोंद वाचून दाखवत. आमच्या यादीतल्या पुष्कळांना वाचता येत नव्हतं. वाचून दाखवलं की चुका निघत. बापाच्या जागी भावाचं नाव, वयात दहा वर्षांचा फरक, गावाचा पत्ता भलताच. यातल्या बहुतेक चुका दुबेजींच्या असत. तायडे काही न बोलता त्या दुरुस्त करायला घेत.

पण दुरुस्त करायची सोय माझ्या प्रोग्रामात नव्हती. मी दोनच बटणं दिली होती, 'नवीन' आणि 'रद्द'. दुरुस्तीचा स्क्रीन नंतर करू म्हणून राहिला होता. एका दुपारी तायडे माझ्याकडे आले आणि विचारलं, की चुकलेल्या नोंदीचं काय करायचं. मी मान वर न करता सांगितलं, "जुनी रद्द करा, नवीन टाका. तुमच्या रजिस्टरसारखंच आहे."

हे वाक्य मी बोललो. कोणत्या खुर्चीत बसून बोललो तेही मला आठवतं.

दोनेक महिन्यांनी पहिली कच्ची यादी छापून फाटकावर लावली. दुसऱ्या दिवशी बाबूलाल नावाचा एक कामगार खिडकीशी आला. कार्डिंग खात्यातला, कापसाच्या धुळीनं छाती भरलेला, दोन शब्दांमागे एक खोकला. त्यानं यादीतलं आपलं नाव कोणाकडून तरी वाचून घेतलं होतं. नावासमोर खातं कोरं, वर्षं शून्य.

तो म्हणाला, "साब, नाम तो मेरा ही लिखा है. फिर बाईस साल काम किसने किया?"

शोधल्यावर असे साठ-सत्तर निघाले. नाव आहे, नोकरी नाही. मी महिन्याभरापूर्वीची बॅकअपची प्रत काढून पाहिली. तिच्यात या सगळ्यांची वर्षं जुळत होती. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी ती काढली होती, हा निष्कर्ष मी पाच मिनिटांत काढला. फाटकाबाहेर दलाल फिरत होते हे सगळ्यांना माहीत होतं. अमक्याला इतके द्या म्हणजे यादीत नाव येईल, न द्याल तर जाईल, असं टपरीवर उघड बोललं जाई. आतला माणूस कोण, एवढंच कळायचं बाकी होतं.

ते कळायची सोयही मीच केलेली होती. प्रत्येक ओळ कोणी टाकली याचं आद्याक्षर यंत्र नोंदवत असे. त्या साठ-सत्तर ओळी मी काढल्या. एकूण एक ओळींसमोर तायड्यांचं आद्याक्षर. दुबेजींचं एकाही ओळीसमोर नाही.

आता मला लिहायचं आहे ते सोपं नाही. आमचं घराणं होळकरांच्या कचेरीतलं. आजोबांपासून कागद सांभाळणं हाच धंदा. कागद कोणाच्या हातात शोभतात याविषयी आमच्या घरात काही समजुती होत्या. त्या मोठ्यानं बोलल्या जात नसत, म्हणून आपल्यात त्या नाहीत असं मी समजत होतो. तायड्यांचं आद्याक्षर दिसलं तेव्हा मला धक्का बसला नाही. दुबेजींचं दिसलं असतं तर मी आधी प्रोग्राम तपासला असता. हा फरक मी इतकी वर्षं स्वतःपासूनही लपवला.

त्यानंतर मी तायड्यांवर पाळत ठेवली. ते खिडकीशी कामगारांबरोबर इतका वेळ काय बोलतात? एकानं त्यांना रुमालात बांधून काहीतरी दिलेलं मी पाहिलं. भुईमुगाच्या शेंगा होत्या, पण त्या दिवशी मला तेवढंही पुरलं. त्यांचं वेळेवर येणं, माझ्याआधी येणं, तेसुद्धा मला खुपायला लागलं. लवकर येऊन करतात काय?

दोन पानी अहवाल टाइप करून मी सक्सेनाजींना दिला. त्यात एक वाक्य होतं, की हा योगायोग असू शकत नाही. ते खरंच होतं. योगायोग नव्हताच.

चौकशी सक्सेनाजींच्या खोलीत झाली. तायडे उभे होते, त्यांना बसायला कोणी सांगितलं नाही. ते शांतपणे म्हणाले, "मी कोणाची नोकरी काढली नाही. चुकलेल्या ओळी रद्द केल्या, नव्या टाकल्या. दिघेसाहेबांनीच तसं सांगितलं होतं."

सक्सेनाजींनी माझ्याकडे पाहिलं. "क्यों दिघेजी, आपने कहा था?"

मी म्हणालो, "लेखी असं काही नाही."

"और ज़बानी?"

"आठवत नाही."

तायड्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या टेबलावरच्या माझ्या अहवालाकडे पाहत राहिले. मग सक्सेनाजींना म्हणाले, "सर, फिर मुझे कुछ नहीं कहना."

त्याच आठवड्यात त्यांना काढलं.

पुढे तीन आठवड्यांनी बाबूलालची नोंद मी स्वतः नीट करायला घेतली. हजेरीपट पाहून त्याची बावीस वर्षं पुन्हा टाकली, यादीत आली. मग लक्षात आलं, की पत्ता अजून चुकीचा आहे. मी सवयीनं 'रद्द' दाबलं, 'नवीन' दाबलं, नाव-पत्ता पुन्हा टाइप केला. यादी काढली. वर्षं शून्य.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. संशय घ्यायला मीच उरलो होतो. मी त्या ओळीचा लपलेला आकडा विचारला. नवा होता. अर्थात नवा असणार. रद्द केलेली ओळ आपला आकडा घेऊन जाते आणि नवी ओळ नवा घेऊन येते. नोकरीच्या टेबलात मात्र जुनाच आकडा बसलेला. आकडा कोणी बदलू शकत नाही, हे मी सगळ्यांना सांगत होतो. ओळच बदलली तर काय, हा प्रश्न मला पडला नव्हता. मग मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं, नोकरीचं टेबल सरळ उघडून पाहिलं. साठ-सत्तर माणसांची सगळी वर्षं तिथे जागच्या जागी होती. एकही ओळ कोणी काढलेली नव्हती. ज्या आकड्याकडे ती बोट दाखवत होती, तिथे आता कोणी नव्हतं, एवढंच.

मग साठ-सत्तर माणसं कोणती, तेही उलगडलं. ज्यांच्या नोंदी तायड्यांनी वाचून दाखवल्या आणि चुका सापडल्या म्हणून सुधारल्या, तीच. दुबेजींनी एकही चूक सुधारली नाही, म्हणून त्यांच्या ओळी शाबूत राहिल्या.

मी काय केलं ते सांगतो. दुरुस्तीचा स्क्रीन तयार केला. माणसांच्या टेबलात आमचा स्वतःचा क्रमांक सुरू केला आणि सगळे धागे त्याला बांधले. प्रत्येकाची वर्षं हजेरीपटाशी ताडून पाहिली. मग सक्सेनाजींना सांगितलं, की तांत्रिक दुरुस्ती केली आहे, आता यादी पक्की आहे. ते म्हणाले, "बढ़िया." तायड्यांचं काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अहवाल वर गेला होता. माझ्या ठेक्याची मुदत संपत आली होती. आणि सगळ्यात मोठं कारण हे, की चूक कबूल केली असती तर ते 'आठवत नाही' सुद्धा कबूल करावं लागलं असतं. चूक कोणाचीही होते. ते दुसरं कोणाचंही होत नाही.

पक्क्या यादीत सगळे आले. बाबूलालसुद्धा आला.

पुढे मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये डेटाबेस शिकवू लागलो. यंत्राच्या लपलेल्या आकड्याला ओळख समजू नका, हे मी प्रत्येक बॅचला बजावून सांगे आणि उदाहरण म्हणून हाच किस्सा सांगे. फक्त 'एका ऑफिसात एक प्रोग्रामर होता' असा. पोरं हसत, मीही हसे. काही वर्षांनी त्या डेटाबेसच्या करणाऱ्यांनीच साध्या टेबलांतून तो आकडा काढून टाकला. ते वाचलं त्या दिवशी वाटलं, की जगात कुठेतरी माझ्यासारखे पुष्कळ असणार. समाधान तेवढ्यापुरतंच टिकलं. त्या पुष्कळांपैकी किती जणांनी आपली चूक दुसऱ्याच्या अंगावर टाकली असेल?

गेल्या वर्षी अन्नपूर्णा रोडवर दवाखान्यात दुबेजी भेटले. माझा गुडघा, त्यांची साखर. खूप वर्षांनी भेट, त्यामुळे खूश. आजूबाजूला बसलेल्यांना माझी ओळख करून देत म्हणाले, "अरे, ये दिघेजी हैं. मिल में एक तायडे बाबू था, लोगों की नौकरियाँ उड़ा रहा था, इन्होंने कम्प्यूटर से पकड़ा. क्या पकड़ा था, भिया!" लोकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. म्हणजे ही गोष्ट अजून चालू होती. दुबेजी ती घरीदारी सांगत होते, आणि तायड्यांचं नाव घेऊन सांगत होते.

चौकशी करता कळलं, तायडे हल्ली महूच्या वाटेवरच्या राऊ गावी मुलीजवळ राहतात. मी एक पत्र लिहिलं, सगळं कबूल केलेलं, आणि घेऊन गेलो. दार त्यांनीच उघडलं. ओळखलं, पण 'या' म्हटलं नाही. ओट्यावरच्या खुर्चीकडे हात केला. बूट नव्हते, साध्या चपला होत्या, पण पुसलेल्या.

पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "आत्ताच का आलात? काही चौकशी लागली का तुमच्यावर?"

नाही म्हणालो.

"मग कुठे सही पाहिजे माझी?"

तीही नको म्हणालो आणि पत्र पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश, दोन्ही पानं वाचली. पत्र वाचत असताना मधेच एकदा पान उलटं करून मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं. मग घडी घालून परत माझ्या हातात दिलं.

मिल सुटल्यानंतरचं त्यांनी फार थोडं सांगितलं. राऊच्या एका कॉलेजात लायब्ररीत काम मिळालं, तिथूनच रिटायर झाले. महूला विहाराच्या समितीचे ते सचिव होते. ते सोडावं लागलं. यादीत नोकरी गायब झालेल्यांत त्यांच्या वस्तीतले पंधरा-वीस जण होते. तायड्यांनी आपल्याच लोकांना कापलं, अशी बोलवा झाली. त्यांच्या नोंदी वाचून दाखवायला तायडे रविवारी वस्तीत कागद घेऊन बसत, म्हणून सगळ्यांत जास्त दुरुस्त्या त्यांच्याच होत्या. पुढे यादीत नावं परत आली, तेव्हा लोक म्हणाले, बघा, तायड्याला काढल्यावर आली.

मी माफी मागितली.

तायडे म्हणाले, "हे मला कशाला सांगता? मला तर माहीतच होतं. मी काही केलं नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

मी म्हणालो, कोणाला सांगू? सक्सेनाजी गेले. ऑफिस तेव्हाच बंद झालं. फाइली कुठे आहेत कोणास ठाऊक.

"दुबेजी आहेत ना. माणसं तर आहेत." मग म्हणाले, "तुमच्या मराठी समाजाचा दिवाळी अंक निघतो. तुम्ही त्यात लिहिता, मी लायब्ररीत बघायचो. गमतीचं लिहिता चांगलं. त्यात लिहा. माझं नाव टाका, तुमचं टाका. एका ऑफिसात एक प्रोग्रामर होता, असं नको."

क्लासमधला तो किस्सा त्यांच्यापर्यंत कसा पोचला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्यांच्या मुलीनं पाणी आणून दिलं. ती आत गेल्यावर मी विचारलं, की अंक निघाला की घेऊन येऊ का. तायडे उठले आणि म्हणाले, "पोस्टानं पाठवा. तुम्ही नका येऊ."

म्हणून संपादकांनी मागितलेल्या गमतीजमतींच्या जागी हा मजकूर आहे. दुबेजींना मी तो छापण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवला. ते म्हणाले, "आपने भी ना, दिघेजी." ज्यांनी ती गोष्ट दुबेजींकडून किंवा आणखी कोणाकडून ऐकली असेल, त्यांच्यासाठी लिहितो: मधुकर तायडे यांनी एकाही कामगाराची नोकरी यादीतून काढली नाही. नोकऱ्या माझ्या रचनेमुळे गेल्या. ओळी रद्द करायला मी सांगितलं होतं, ते मला चौकशीच्या दिवशी स्पष्ट आठवत होतं, आणि तरी मी आठवत नाही म्हणालो.